सोलापुरात ग्लायडरची छोटी कॉम्पिटिशन घ्यायचीय? आधी दोरी कुठं बांधायची ते ठरवा, मोटरचं नंतर बघू

मागच्या फेब्रुवारीत आमच्या कॉम्पिटिशनमध्ये माझंच ग्लायडर, म्हणजे रिमोटवर उडवायचं मॉडेल विमान, एका पोराच्या नडगीवर बसलं. झालं असं की सहा मिनिटं हवेत राहून बरोबर वेळेला मार्कवर उतरायचं टार्गेट होतं, थर्मल (तापून वर चढणारी हवा) मस्त लागलेलं, वेळ संपायला तीन सेकंद राहिले आणि ग्लायडर अजून डोक्यावर, मग काय, मार्क गाठायच्या नादात दिलं नाक खाली, आणि पोरगं टेप हातात धरून मार्कपासून दोन पावलांवर उभं. चार टाके पडले. त्याची आई मला एक शब्द बोलली नाही, उलट चहा दिला, ते जास्त लागलं.

त्यानंतर दोन-तीन जणांनी विचारलं की दादा आम्हाला पण आमच्या ग्रुपची छोटी स्पर्धा घ्यायचीय, काय काय लागतं. पहिले प्रश्न सगळ्यांचे तेच, कुठलं ग्लायडर, कुठली मोटर, किती सेलची बॅटरी. माणसं कुठं उभी करायची हे एकानंही विचारलं नाही बे. म्हणून मी उलटीकडून सांगतो, आधी जमीन, मग माणसं, मग विमान.

एक हिशोब डोक्यात ठेवा. २ किलोचं ग्लायडर ताशी ५४ किलोमीटरनं येत असेल तर त्यात साधारण २२५ ज्यूल एनर्जी असते. १४० च्या स्पीडनं टाकलेल्या क्रिकेट बॉलमध्ये १२० च्या आसपास. म्हणजे फास्ट बॉलरच्या बॉलच्या जवळजवळ दुप्पट, आणि बॉल निदान गोल असतो, आपल्या विमानाला पुढं कार्बनचं टोक असतंय. स्पीड डबल झाला की एनर्जी चौपट, त्यामुळं नाक खाली घालून मार्क गाठणाऱ्याला मी आता स्पष्टच नाही म्हणतो.

आता जमीन. होटगी रोडचं विमानतळ पहिल्यांदा नकाशावर बघा. "सोलापूरला कुठं विमान येतंय" हा आपला जुना डायलॉग आता चालत नाही, साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली ती त्याच कारणानं, आणि २०२५ मध्ये गोव्याची आणि मग मुंबईची विमानं सुरू झाली. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणं चालू विमानतळाच्या हद्दीपासून (शहराच्या मध्यापासून नाही, कंपाउंडपासून मोजायचं) ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत ग्रीन झोन (परवानगी न काढता उडवता येतं तो) धरतात, त्याच्या बाहेर ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत. त्याच्या वर गेलं की यलो झोन, म्हणजे परवानगी. ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच भानगड आहे, तिकडं जाऊच नका. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवर नकाशा असतो, रेड-यलो सगळं दिसतं, स्पर्धेच्या आदल्या दिवशी परत एकदा उघडून बघायचा कारण झोन बदलू शकतात. आपली मॉडेल २५ किलोच्या आतली, हौसेसाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरात उडवायची, त्यामुळं टाइप सर्टिफिकेटची कटकट नाही, पण यूआयएन, म्हणजे विमानाचा नोंदणी नंबर, काढून तो विमानावर चिकटवायचा. गॉगलमध्ये विमानावरचा कॅमेरा बघत लांब जाणारे आले तर त्यांना प्रेमानं चहा पाजून परत पाठवा.

नान्नजच्या बाजूला माळरान लई सुंदर दिसतं, मोकळं, सपाट, एक झाड नाही. तिकडं बघायचं पण नाही. ते माळढोक अभयारण्य आहे, तिथं काही उडवणं म्हणजे वनखात्याची केस आणि वर पाप.

आम्ही मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारी काढलेली रानं वापरतो, मालकाला आधी विचारून, आणि विचारून म्हणजे फोनवर नाही, घरी जाऊन. काळी जमीन दुपारी अशी तापते की थर्मल शोधावं लागत नाही, ते तुम्हाला शोधत येतं. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे धसकटं. ज्वारीचं वाळलेलं धसकट हे सुळ्यासारखं असतं, फोमच्या विंगमधून आरपार जातं आणि पोरं पळताना पडली तर काय होईल ते सांगायला नको, त्यामुळं लँडिंगचा पट्टा तरी आधी साफ करून घ्या. दुसरी म्हणजे उन्हात भेगाळलेली जमीन, विमान वर बघत मागं मागं सरकणारा पायलट भेगेत पाय घालून पडतो, आमच्याकडं एकाचा घोटा गेलाय असा. टॉवरच्या लाइनी, विहीर, ऊस (उसात ग्लायडर गेलं की दोन दिवस शोधा) हे सगळं बघून मग जागा पक्की करा.

आता दोरी. सकाळी पोचल्या पोचल्या टेंट वगैरे नंतर, आधी बांबू ठोकून सुतळी बांधायची. सुतळीच्या एका बाजूला गाड्या, बायकापोरं, चहा, बॅटरी चार्जिंग. दुसऱ्या बाजूला फक्त ज्यांच्या हातात ट्रान्समीटर किंवा स्टॉपवॉच आहे ते. सुतळी ते पायलट लाइन निदान ३० मीटर. उडवायचं पुढं, सुतळीच्या मागं विमान गेलंच नाही पाहिजे, थर्मल कितीही मागं वाहत गेलं तरी. आता इथं वाद होतो, कारण थर्मल वाऱ्याबरोबर मागंच सरकतं आणि पायलट म्हणतो वर आहे की, उंच आहे, काय होतंय. होतंय काय तर बॅटरी संपते, सर्वो (पंखाच्या फळ्या हलवणारी छोटी मोटर) अडकतो, आणि मग ते खाली नेमकं गाड्यांवर येतं. आम्ही मधला मार्ग काढला, ५० मीटरच्या वर असेल तर मागं चालेल पण गाड्यांच्या आणि माणसांच्या बरोबर डोक्यावरून नाही, बाजूनं.

वारा हा दुपारी खेळ करतो. थर्मल जवळून गेलं की मिनिटभर वारा उलटा फिरतो, सगळी हवा तिकडं ओढली जाते, आणि जो पायलट वाऱ्यात तोंड करून उतरणार होता तो अचानक पाठीमागून वारा घेऊन डबल स्पीडनं उतरतो. म्हणून लँडिंग पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा पाहिजे, एकाच बाजूला ठेवून चालत नाही. वावटळ दिसली (मार्च-एप्रिलमध्ये दिसतेच) की शिट्टी, नवीन लाँच बंद, जे वर आहेत त्यांनी लांब राहायचं. वावटळीत घुसून थर्मल घ्यायचा शहाणपणा एकानं केला, त्याच्या विंगचा मधला सांधा फाटला.

शिट्टी एका माणसाकडं. तो माणूस त्या राउंडला उडवणारा नसावा, आणि शक्यतो वयानं मोठा असावा म्हणजे पोरं ऐकतात, आमच्याकडं एक काका आहेत रिटायर्ड, ते ओरडले की ग्रुपमधला सगळ्यात मोठा शहाणा पण गप्प बसतो. ओरडायचे शब्द पण आधीच ठरवा. "लँडिंग" एकदाच आणि मोठ्यानं. "कंट्रोल गेला" ऐकलं की सगळ्यांनी वर बघायचं, पळायचं नाही, आधी बघायचं कुठून येतंय. थर्मलमध्ये पहिला जो शिरला तो ज्या बाजूनं फिरतोय त्याच बाजूनं बाकीच्यांनी फिरायचं, मग तुम्हाला डावीकडं कितीही आवडत असू दे. घारी असतील तर त्या आधीच्या, त्यांच्या पण बाजूनं फिरा, त्यांना धडकायला जाऊ नका.

लाँचचं बघू. तीन पद्धती चालतात आपल्याकडं.

रबर, म्हणजे हाय-स्टार्ट, जमिनीत रोवलेल्या पहारीला बांधलेलं रबर ताणून विमान गलोलीसारखं सोडायचं, सगळ्यात स्वस्त. साधारण ३० मीटर रबर आणि १२० मीटर दोरी लावतात, आम्ही दोरी कमी ठेवतो उंचीच्या लिमिटमुळं. पहार तिरकी ठोकायची, विमानाच्या उलट बाजूला झुकवून, आणि काळ्या मातीत एक पहार पुरत नाही, मागं दुसरी ठोकून पहिलीला बांधायची. सुटलेली पहार तीस मीटर ताणलेल्या रबराला बांधलेली असते हे लक्षात घ्या, ती कुठं येईल ते सांगता येत नाही. किती ओढायचं याचा अंदाज नवख्याला नसतो, त्यासाठी बॅगा मोजायचा हुकाचा काटा लावा, दीड किलोच्या ग्लायडरला पाच-सहा किलोचा ताण भरपूर झाला. आणि दोरी, हे जरा नीट ऐका. आपली दोरी नायलॉनची असते. नायलॉन मांजावर एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) २०१७ पासून बंदी घातलीय आणि लोक त्यावरून चिडलेले असतात, बरोबरच आहे, गळे कापलेत लोकांचे. गावात कुणी तुमची दोरी बघितली तर तो मांजाच समजणार. आम्ही जाड, भगव्या रंगाची वेणीची दोरी वापरतो, वजनाला जास्त आहे, लाँच पाच-सात मीटर कमी मिळतं, पण मेंढरं आडवी आली तर पाय कापत नाही आणि रानात पडलेली लांबून दिसते. पातळ मोनोफिलामेंट (एकेरी धाग्याची दोरी) पाहिजे म्हणून आमच्यातल्या दोघांनी तोंड फुगवलं होतं, फुगवू देत.

हातानं गोल फिरून फेकायची, म्हणजे एफ३के (एफ३के, एफ५जे, एफ३जे ही एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई खेळ संघटनेच्या स्पर्धाप्रकारांची नावं). पंख जास्तीत जास्त दीड मीटर, वजन ६०० ग्रॅमच्या आत. हलकी असतात म्हणून लोक बेफिकीर असतात, पण पंखाचं टोक धरून गरागरा फिरताना ते विमान तुमच्या हाताच्या लांबीसकट सव्वादोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ मारतं, आणि सुटतं तेव्हा स्पीड शंभरच्या वर जाऊ शकतो. दोन पायलटमध्ये दहा मीटर ठेवा. डावखुऱ्यांना लाइनीच्या एका टोकाला उभं करा, ते उलटे फिरतात, शेजाऱ्याला अंदाज येत नाही.

मोटर. आजकाल ऐंशी टक्के लोक हेच आणतात (आमच्या ग्रुपचं सांगतोय). एफ५जेमध्ये मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद, आणि एक छोटा अल्टिमीटर मोटर बंद झाल्यावरची उंची नोंदवतो, २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापला जातो आणि त्याच्या वर मीटरला ३ गुण. म्हणजे जो कमी उंचीवर मोटर बंद करायची हिंमत करतो तो जिंकतो. लई हुशार नियम आहे. पण आपल्याकडं अडचण अशी की ग्रीन झोन १२० मीटरलाच संपतो, मग २०० कुठून आणायचे. आम्ही ९० मीटरला मोटर आपोआप बंद होईल असं सेट करतो, टार्गेट दहाऐवजी सहा मिनिटांचं, आणि ११० च्या वर गेलं की फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) खाली घालून उतरायचं. "थर्मल सोडून खाली यायचं म्हणजे ताटावरून उठायचं" असं एकजण म्हणाला, खरंय, पण परवानगी काढायची तयारी नसेल तर हेच.

मोटरचे हात कापायचे प्रकार जमिनीवरच होतात, हवेत नाही. बॅटरी जोडायची ती सुतळीच्या पुढं गेल्यावरच, बोटं प्रॉपच्या (पंख्याच्या) मागं, आणि थ्रॉटल कटचा, म्हणजे मोटर फिरू न देणारा स्विच आधी. ट्रान्समीटर बंद करून बघा मोटर फिरत नाही ना, फेलसेफ (सिग्नल गेला की विमानानं काय करायचं ते) सेट नसलेलं विमान आम्ही उडवू देत नाही, यात कुणाचं ऐकत नाही. मोटर बंद तर झालीच पाहिजे, शिवाय विमान हलकंसं वळत खाली येईल असं सेट करा, नाहीतर सिग्नल गेल्यावर सरळ विजापूरला जाईल.

आता लँडिंग. माझ्या मते सगळी मारामारी इथंच आहे आणि ती गुणांमुळं आहे.

एफ३जेमध्ये मार्कपासून २० सेंटीमीटरच्या आत नाक आलं की १०० गुण आणि मग वीस-वीस सेंटीमीटरला गुण कमी होत जातात. एफ५जेमध्ये मीटरचा हिशोब, १ मीटरच्या आत ५०, मग दर मीटरला ५ कमी, १० मीटरच्या बाहेर काही नाही. बघा, सेंटीमीटरला गुण ठेवले की पायलट विमान भाल्यासारखं जमिनीत रोवणार, मीटरला ठेवले की जरा सैल सोडणार. आम्ही अजून सैल केलं, ३ मीटरच्या वर्तुळात कुठंही थांबलं की पूर्ण ५०, बाहेर ६ मीटरपर्यंत २५, आणि नाक जमिनीत रुतलं किंवा विमान उलटं झालं तर शून्य. पायलट स्वतः वर्तुळाच्या बाहेर, निदान पाच मीटर बाजूला, आणि टेपवालं पोरगं विमान पूर्ण थांबल्याशिवाय सुतळी ओलांडत नाही. विमान पायलटला किंवा हेल्परला टेकलं तर लँडिंगचे गुण गेले. एफएआयच्या नियमात सेफ्टी एरियात वस्तूला लागलं तर ३०० आणि माणसाला लागलं तर १००० गुण कापतात, गटात पहिल्या आलेल्याला मिळतातच १०००, म्हणजे तो राउंड मातीत. आम्ही तेच ठेवलंय, आणि पहिला दंड मीच भरलाय.

खिळ्याचा वाद तर विचारू नका. ग्लायडरच्या पोटाखाली नाकाजवळ एक खिळा किंवा करवतीसारखे दात लावतात, जमिनीला टेकलं की रुततं आणि जागेवर थांबतं. एफएआयच्या एफ३बी, एफ३जेमध्ये याला बंदी आहे, अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये बरीच वर्षं लोक वापरत आलेत, त्यामुळं व्हिडिओ बघून आपली पोरं पण लावून येतात. खिळावाल्यांचं म्हणणं अगदीच फालतू नाही, ते म्हणतात आपली जमीन फेब्रुवारीत दगड झालेली असते, गवत नाही, विमान घसरत घसरत पंधरा मीटर जातं आणि पुढं कोण उभं असेल ते सांगता येत नाही, मग थांबवणारी वस्तू हीच सेफ्टी झाली की. मी पण एक सीझन या बाजूला होतो. पण मग बघितलं की खिळा लावलेला माणूस जोरातच येतो, कारण त्याला माहितीय की थांबणार आहे, आणि ज्याच्याकडं खिळा नाही त्याला दहा मीटर आधीपासून क्रो लावून, म्हणजे फ्लॅप खाली आणि एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या फळ्या) वर करून, विमान हळू करावंच लागतं. शिवाय माणसाला लागलं तर नाकानं मुका मार बसतो, खिळ्यानं भोक. आमच्याकडं खिळा बंद. पोटाला कापडी टेप लावा, घसरणं कमी होतं, ते चालतं.

नाकाची गोलाई पण तपासा. एफ३जेच्या नियमात नाकाची त्रिज्या किमान साडेसात मिलिमीटर लागते. मोजायला साधन नको, पेन्सिल सेल जवळ धरा, त्याच्यापेक्षा टोकदार दिसलं की परत पाठवा, रबराचं टोपण लावून ये म्हणावं.

बाकीचे वाद पटापट. व्हेरिओ, म्हणजे विमान वर चाललं की कानात बीप वाजतं ते, एफ५जेमध्ये बंद आहे, रिसीव्हरचा व्होल्टेज आणि सिग्नल एवढंच खाली कळलेलं चालतं. आम्ही पण बीप बंद ठेवलं, पण ११० मीटरचा एकच अलार्म चालू ठेवला, कारण उंचीचं लिमिट आम्हीच लावलंय तर ते कळायला नको का. शुद्धतावाद्यांना पटलं नाही. जायरोचं, म्हणजे सेन्सर स्वतःच एलेरॉन हलवतो त्याचं, मोठ्या स्पर्धेत चालत नाही, पण आमच्याकडं पहिल्या वर्षीच्या पोरांना मुभा, त्यांचे गुण वेगळे. बाहेरून मागवलेलं लाखाचं कार्बन ग्लायडर विरुद्ध घरी बनवलेलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं, यावर मी बोलत नाही, दोन गट करा आणि मोकळे व्हा. फक्त कार्बनवाल्यांना एक सांगा, कार्बन २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो, अँटेनाची टोकं बॉडीच्या बाहेर आली पाहिजेत, दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात, आणि रेंज चेक रोज सकाळी, विमान एकाच्या हातात देऊन सगळ्या बाजूंनी फिरवून. कुणी काकांचा जुना ७२ मेगाहर्ट्झचा सेट घेऊन आला तर एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सेट चालू होऊ नयेत म्हणून त्या फ्रिक्वेन्सीला एक कपड्याचा चिमटा, चिमटा ज्याच्या कॉलरला तोच सेट चालू करणार.

ऊन. मे महिन्यात घेऊच नका, आपल्याकडं तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा एक दिवस मेमध्येच असतो, दुपारी वर बघितलं की विमान आणि सूर्य एकाच ठिकाणी. जानेवारी शेवट ते मार्च मध्य बरा. तरी १२ ते २ बंद ठेवा, तेवढ्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पंखाचा खालचा भाग गडद रंगाचा पाहिजे, पांढरं ग्लायडर आपल्या पांढऱ्या आभाळात दिसत नाही. विमान सूर्यात गेलं आणि हरवलं तर स्टिक सोडा, क्रो लावा, आणि हेल्परला सांगा, हेल्परचं काम स्टॉपवॉच बघण्याआधी विमान बघणं हे आहे.

लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) बंद गाडीत ठेवू नका. फेब्रुवारीत पण डॅशबोर्डवर हात लावता येत नाही. चार्जिंगला सावलीत पत्र्याचा डबा, शेजारी वाळूची बादली, आणि बघायला एक माणूस. फुगलेली बॅटरी "एक राउंड जाईल" म्हणून लावायची नाही. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नाही, उडवून आल्यावर ३.५ च्या खाली दिसली तर ती बॅटरी त्या दिवसापुरती बाजूला.

संध्याकाळी निघताना लाँचची दोरी मोजून गुंडाळा. आमची १०० मीटरची आहे, गुंडाळताना ९६ भरली तर चार मीटरचा तुकडा सापडेपर्यंत कुणी गाडी काढत नाही, कारण उद्या त्याच रानात मालकाची बैलं येणार असतात. पहारींची भोकं बुजवा, सुतळी सोडा, बॅटऱ्या सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. आणि चिठ्ठीवर लिहून ठेवा कुणाचं विमान सुतळीच्या मागं किती वेळा गेलं, पुढच्या वेळी तेवढी सुतळी मागं सरकवायचीय.